बर्फातला फोटो आणि हाताची बोटे

आपल्या जिल्ह्यात पारा दहा अंशांवर उतरला की ती बातमी होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटेचे दव गोठले, तर त्याचा फोटो छापून येतो. आपली थंडी एवढीच. अशा उबदार मुलखातली माणसे अलीकडे ऐन डिसेंबर-जानेवारीत गुलमर्ग आणि मनालीला जाऊ लागली आहेत. काश्मीर किंवा कुलू-मनाली म्हणजे मे महिन्याची सहल, मुलांच्या परीक्षा संपल्या की निघायचे, असा पूर्वी रिवाज होता. आता बर्फ पडताना पाहायचा म्हणून मुद्दाम हिवाळ्यात जातात. जरूर जावे. फर आणि देवदाराच्या रानातून, फांदीफांदीवर बर्फ साचलेला असताना चालण्यासारखे सुख नाही. मात्र तिथे प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो, निदान मोबाइल असतो. आणि माझा अनुभव असा, की सहलीहून आल्यावर बोटे, डोळे किंवा मनगट दाखवायला दवाखान्यात येतो तो बहुधा फोटो काढणारा असतो. असे का होते ते या आठवड्यात पाहू.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गावातले एक फोटो स्टुडिओवाले गृहस्थ आले. वय चौपन्न. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. सोबत पत्नी.

‘‘बर्फ बाधला, डॉक्टर,’’ ते म्हणाले.

रुमाल सोडला तर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, तिन्हींची टोके काळपट पडलेली आणि वर सुकलेल्या फोडांची साल. लेक-जावयांबरोबर गुलमर्गला गेले होते. रात्रभर बर्फ पडून सकाळी आकाश मोकळे झाले. सगळे चहा पीत असताना हे तिपाई आणि कॅमेरा घेऊन हॉटेलमागच्या फरच्या झाडीत शिरले. हॉटेलच्या दारातल्या तापमापकावर उणे ९ अंश होते. जाड लोकरी हातमोजे होते, पण ते घालून कॅमेऱ्याची बटणे दाबता येईनात. उजवा मोजा काढून खिशात ठेवला, तो बर्फात पडला, ओला झाला, मग घातलाच नाही. दीड तास तिपाईची धातूची नळी आणि कॅमेरा उघड्या हातात.

‘‘दुखलं नाही का?’’ मी विचारले.

‘‘सुरुवातीला फार दुखलं. मग दुखायचं थांबलं. म्हटलं, बरं झालं, सवय झाली.’’

‘‘मी हाका मारून दमले,’’ पत्नी म्हणाल्या. ‘‘आलो, आलो म्हणत होते, येत मात्र नव्हते.’’

वाचकांनी यातले ‘दुखायचं थांबलं’ हे शब्द नीट लक्षात ठेवावेत. थंडीने दुखणारे बोट जिवंत असते. ते ऊब न मिळता दुखायचे थांबले, तर सवय झालेली नसते. तिथली जाणीव गेलेली असते आणि धोका तिथून सुरू होतो.

उभा राहणारा आधी गारठतो

आपले शरीर ही सतत पेटलेली चूल आहे. आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी ती जळते. माणूस चालू लागला की विश्रांतीच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार होते. म्हणून उणे तापमानातही चालणाऱ्याला बरे वाटते, प्रसंगी घाम येतो. फोटो काढणारा चढण चढतो, आत बनियन घामाने ओले होते, आणि मग तो थांबतो. गुडघा बर्फात टेकतो. ढग सरकायची, पक्षी यायची, नाही तर घरची मंडळी ओळीत उभी राहायची वाट पाहतो. चूल मंदावलेली, अंगावर ओला कपडा, गुडघ्याखाली बर्फ. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. सोबतचे चालत राहतात म्हणून त्यांना काही होत नाही, आणि त्यांना होत नाही म्हणून त्यांच्या लक्षातही येत नाही.

उष्णता कमी पडू लागली की शरीर काटकसर करते. घरात पैशाची ओढ लागली की आधी सणाचे कपडे बंद होतात, किराणा बंद होत नाही. तसेच इथे. हृदय, मेंदू, यकृत यांचा रक्तपुरवठा चालू राहतो आणि हातापायांची बोटे, कान, नाकाचा शेंडा यांच्या रक्तवाहिन्या आखडतात. तरी बोटांना पूर्ण वाऱ्यावर सोडलेले नसते. थंडीत काही मिनिटांनी या वाहिन्या थोड्या उघडतात, गरम रक्त येते, पुन्हा मिटतात. सर थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३० साली हा चढउतार नोंदवला. पण सगळे शरीरच गारठले तर ही उघडझाप मंदावते आणि बोटांचा वाली कुणी राहत नाही. म्हणून ज्याला हात ऊबदार ठेवायचे त्याने आधी पोट-छाती आणि डोके ऊबदार ठेवावे. कानटोपी न घालता नुसते महागडे हातमोजे घेण्यात अर्थ नाही.

त्यात वारा. हवा उणे १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते सुमारे उणे २० अंशांसारखे झोंबते. झाडीत वारा कमी असतो, मोकळ्या कुरणात आणि उंचावर जास्त. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथला दोरीवरचा पाळणा, ज्याला गोंडोला म्हणतात, माणसाला ३,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. खाली झाडीत पुरेसे वाटलेले कपडे वर पुरत नाहीत, हे तिथे उतरल्यावर कळते. एवढ्या झटपट उंची वाढल्याने डोके दुखणे, मळमळ, धाप हेही होते. तसे झाले तर फोटो राहू द्यावेत आणि खाली यावे.

धातूचे एक वेगळे. गारठलेला धातू बोटातली ऊब लाकडापेक्षा किंवा कापडापेक्षा कितीतरी लवकर ओढतो. आमच्या स्टुडिओवाल्यांची नेमकी तिपाई धरणारी बोटे गेली, बाकीची दोन वाचली. पुढे त्यांनी नळीला सायकलच्या हँडलला बांधतात तशी कापडी पट्टी गुंडाळली. दोन वर्षे आधी सुचले असते तर, असे ते स्वतःच म्हणाले.

मोबाइलवाल्यांची अडचण निराळी आहे. मोबाइलची काच उघड्या बोटाशिवाय दाद देत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी मोजा निघतो. यावर उपाय म्हणजे दोन मोजे. आत पातळ, काचेवर चालणारा, जो काढायचाच नाही, आणि वर जाड. वरच्या जाड मोज्यात चारही बोटे एकत्र राहत असतील तर उत्तम, बोटे एकमेकांना ऊब देतात. लहान मुलांचे मोजे नाडीने गळ्यात अडकवतात, तसे मोठ्यांनीही अडकवावे. कुणी हसले तर हसू द्यावे. ओल्या मोज्यासाठी जादा जोड आतल्या खिशात असावा.

पायांबाबत थोडक्यात. तिथे भाड्याने ओव्हरकोट आणि गमबूट मिळतात. गमबूट घट्ट असेल आणि त्यात दोन-दोन जाड मोजे कोंबले तर रक्तच पोहोचत नाही, मग जाडीचा उपयोग काय? बुटात बोटे हलली पाहिजेत. जीनची पँट बर्फात घालू नये. ती भिजते, वाळत नाही आणि मांड्यांना गार फडक्यासारखी चिकटते.

बोट पांढरे पडले तर

पहिल्या पायरीत कातडी लाल, मग फिकी होते, मुंग्या येतात, दुखते. इथे मोजा घालून हात काखेत किंवा पोटाशी धरला की काही मिनिटांत बोट पूर्ववत होते, नुकसान होत नाही. दुसऱ्या पायरीत बोट पांढरे किंवा मेणासारखे पिवळट, टणक आणि बधिर होते. हा हिमदंश. पेशींच्या भोवती आणि आत बर्फाचे कण तयार झालेले असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठू लागते.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत पुढे जे झाले ते बर्फापेक्षा वाईट झाले. हॉटेलवर येताच कुणीतरी अनुभवी माणसाने बोटे बर्फाने खसाखसा चोळली. मग दुसऱ्या अनुभवी माणसाने ती पेटत्या शेगडीवर धरायला लावली. संध्याकाळी फोड आले.

बर्फाने चोळण्याची ही समजूत फार जुनी आहे. १८१२ साली नेपोलियनची फौज मॉस्कोहून माघारी फिरली तेव्हा हजारो सैनिकांचे हातपाय गोठले. फौजेचे शल्यवैद्य दॉमिनिक लारे यांनी पाहिले, की रात्री शेकोटीजवळ हातपाय शेकणाऱ्यांचे अवयव सडत आहेत. त्यांनी निष्कर्ष काढला, ऊब वाईट, म्हणून बर्फाने हळूहळू चोळावे. निरीक्षण खरे होते. बधिर पाय आगीत भाजत होते, आणि दिवसा पुन्हा चालताना पुन्हा गोठत होते. निष्कर्ष मात्र चुकला, आणि तो पुढे शंभरावर वर्षे वैद्यकाच्या पुस्तकांत राहिला. १९६० च्या सुमारास अलास्कातील डॉ. विल्यम मिल्स यांनी कोमट पाण्यात लवकर ऊब देण्याची पद्धत रुग्णांवर वापरून दाखवली. आज तीच मान्य आहे.

ती अशी. हॉटेलात आल्यावर अंगठी, घड्याळ, ओले मोजे काढावे. बादलीत किंवा तसराळ्यात ३७ ते ३९ अंशांचे पाणी घ्यावे. तापमापक नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी चांगल्या हाताचे कोपर बुडवून पाहावे, बाळाच्या अंघोळीला लागते तेवढे कोमट. रुग्णाच्या बधिर हाताला ते कळणार नाही. बोटे तळाला न टेकवता साधारण अर्धा तास पाण्यात ठेवावी, पाणी निवेल तसे कोमट घालत राहावे. कातडी लालसर-जांभळी आणि मऊ झाली की थांबावे. या वेळी खूप दुखते. दुखणे हे चांगले लक्षण आहे हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे, नाही तर तो हात बाहेर काढतो. नंतर अलगद टिपून, बोटांमध्ये स्वच्छ कापूस किंवा जाळीचे कापड ठेवून सैल बांधावे आणि दवाखाना गाठावा. फोड फोडू नयेत. चोळू नये. शेगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी यांपासून दूर राहावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारावे. बिडी-सिगारेट बंद, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आखडतात.

एक अपवाद. अजून रानातच असाल आणि परत चालायचे असेल, पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वाटेत ऊब देऊन बोटे वितळवू नयेत. एकदा वितळून पुन्हा गोठलेला अवयव वाचणे अवघड असते. आधी निवाऱ्याला यावे.

आमच्या स्टुडिओवाल्यांचे फोड निम्मे थंडीचे आणि निम्मे शेगडीचे होते, असे माझे मत आहे. काश्मीरचे लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात, ते पाहून आपल्यालाही मोह होतो. पण त्यांना ती सांभाळण्याची लहानपणापासूनची सवय असते. इतके असूनही वर्षानुवर्षांच्या त्या उष्णतेने पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला होणारा कर्करोग तिथे आढळतो. वैद्यकात त्याला कांगडी कॅन्सर हेच नाव आहे. बधिर बोटांनी कांगडी मुळीच धरू नये.

डोळे रात्री दुखू लागतात

हिरवळ सूर्याची अतिनील किरणे दहा टक्क्यांहून कमी परतवते. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो. शिवाय दर हजार मीटर उंचीला ही किरणे सुमारे दहा टक्के वाढतात. म्हणजे वरून आणि खालून, दोन्हीकडून मारा. दाट झाडीत तो कमी होतो, पण झाडी संपून एकदम मोकळे पांढरे कुरण लागते आणि फोटो तिथेच काढायचा असतो. काळा चष्मा घातला तर मोबाइलची काच दिसत नाही, म्हणून चष्मा कपाळावर चढतो. मग दिवसभर तो तिथेच.

दिवसा काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री अंथरुणात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा भाजलेला असतो. घाबरू नये, एक-दोन दिवसांत बहुतेकांचे बरे होते. अंधाऱ्या खोलीत पडावे, डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवावी, चोळू नये, डोळ्यांत बसवण्याच्या काचा असतील तर त्या काढून ठेवाव्या. डोळा बधिर करणारे थेंब कुणी दिले तरी स्वतःहून घालू नयेत, त्यांनी पापुद्रा भरून यायला उशीर होतो. दोन दिवसांत उतार नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

चष्मा घेताना काच किती काळी हे पाहू नये. अतिनील किरणे अडवण्याची खूण, म्हणजे यूव्ही ४००, आणि बाजूने झाकलेली चौकट पाहावी. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक फट पाडून ती डोळ्यांवर बांधत. काचेचा शोध नसतानाही त्यांना रोग आणि उपाय दोन्ही ठाऊक होते. आपण रस्त्यावरून चाळीस रुपयांचा चष्मा घेतो आणि तोही कपाळावर ठेवतो.

माणूस विचित्र वागू लागला तर

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की सगळा माणूसच गारठला असे समजावे. आधी जोराची हुडहुडी भरते. मग बोलणे जड होते, बोटांनी साधे बटण लागत नाही, पाय अडखळतात. माणूस चिडतो किंवा नुसता बसून राहतो. फोटो काढणाऱ्याच्या बाबतीत हे ओळखणे कठीण, कारण एरवीही तो ‘एवढा एक काढतो’ म्हणून बसलेलाच असतो. हुडहुडी थांबली पण अंगात ऊब आलेली नाही, ही फार वाईट खूण आहे. काही जण या अवस्थेत अंगावरचे कपडे काढू लागतात. त्यांना उकडल्याचा भास होतो.

अशा माणसाला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावे, डोके झाकावे, बर्फावर न बसवता पिशवी किंवा घोंगडी खाली घालावी. नीट शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर गोड गरम चहा द्यावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नये, धसमुसळेपणाने हलवू नये आणि तातडीने दवाखान्यात न्यावे.

ब्रँडीचा घोट देऊ नये. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर गरम वाटते, आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. हुडहुडीही दबते. ‘थंडीवर औषध’ म्हणून सहलीत बाटली बाळगणाऱ्या मंडळींना हे पटत नाही असा अनुभव आहे, पण सांगणे माझे काम.

फोटोसाठी वाट सोडून झाडाखाली जाऊ नये. खोल ताज्या बर्फात, खाली लोंबणाऱ्या फांद्यांच्या फर-पाइनच्या बुंध्याभोवती भुसभुशीत खड्डा असतो. वरून तो दिसत नाही आणि आत पडलेला माणूस एकट्याने निघत नाही. कॅमेऱ्यात पाहत मागे-मागे सरकणे तर सर्वांनीच टाळावे. घसरून हात टेकला की मनगट मोडते, आणि पन्नाशीपुढच्या बायकांची हाडे आधीच ठिसूळ असतात. बर्फावर पूर्ण तळवा टेकवून, लहान पावलांनी, बदकासारखे चालावे. फोटो काढायचा तेव्हा थांबावे, चालायचे तेव्हा कॅमेरा गळ्यात. डिसेंबरअखेर काश्मीरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. मागे राहणाऱ्यासोबत नेहमी एक जण असावा.

थोडे कॅमेऱ्याविषयी

हे सदर फोटोग्राफीचे नाही. पण फोटो पहिल्या झटक्यात चांगला आला तर मोजा कमी वेळा काढावा लागतो, म्हणून स्टुडिओवाल्यांना विचारून दोन गोष्टी लिहितो. बर्फाचा फोटो करडा येतो, कारण कॅमेरा समोरचे सगळे मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. उजेडाचे प्रमाण मुद्दाम एक ते दीड घर वाढवावे. मोबाइलमध्ये काचेवर बोट ठेवले की सूर्याचे चित्र येते, ते वर सरकवावे. हे खोलीतच जमवून निघावे.

दुसरे बॅटरीचे. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि चाळीस टक्के दाखवणारा मोबाइल एकाएकी बंद पडतो. ऊब मिळाली की बहुधा पुन्हा चालू होतो. तुमचा दिवा, नकाशा आणि मदत मागायचा फोन तोच असतो, म्हणून तो सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवावा. परतल्यावर कॅमेरा एकदम गरम खोलीत उघडू नये, आत बाहेर पाणी धरते. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि तासा-दोन तासांनी सोडावे.

बर्फाच्या फोटोचा विषय निघाला की अमेरिकेतील व्हरमाँटचे शेतकरी विल्सन बेंटली आठवतात. कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून त्यांनी १८८५ च्या जानेवारीत बर्फाच्या एका कणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर काढले. कण वितळू नये म्हणून खोली गार ठेवायची आणि श्वासही रोखायचा. सेहेचाळीस हिवाळे त्यांना काही झाले नाही. १९३१ च्या डिसेंबरात हिमवादळातून मैलोन्‌मैल पायी घरी आले, न्यूमोनिया झाला आणि त्यातच ते गेले. वय सहासष्ट. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, नुसत्या थंडीने नाही. पण वयस्कर, थकलेले, गारठलेले शरीर जंतूंशी झगडायला कमी पडते.

खोलीची काळजीही बाहेरच्याइतकीच घ्यावी. रात्री दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. सकाळी डोके जड, मळमळ, एकाच खोलीतल्या सगळ्यांना तोच त्रास, असे झाले तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या बंबाने माणसे जातात ती याच वायूने.

ज्यांना हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा मधुमेह आहे त्यांनी निघण्यापूर्वी पंधरा दिवस आपल्या डॉक्टरांना भेटावे. थंडीने रक्तदाब चढतो. गार कोरड्या हवेने श्वासनलिका आवळते, म्हणून दम्याचा पंप खिशात असावा, तोही आतल्या, आणि तोंडावर मफलर असावा. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी हातपाय जास्त गार पडतात. मधुमेह्यांनी इन्सुलिन गोठू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये. थंडीत लघवी जास्त होते आणि शरीर कोरडे पडते.

आमच्या स्टुडिओवाल्यांची उपाशीपोटी साखर मी तपासली ती २१० निघाली. कधीच तपासली नव्हती. बोटांच्या नसा आधीच मंद झालेल्या, म्हणून दुखणे इतक्या लवकर थांबले. काळी साल दोन महिन्यांत निघाली, खाली नवी कातडी आली. तर्जनीचे नख वाकडे उगवले आहे. मागच्या आठवड्यात साखर दाखवायला आले तेव्हा विचारले, बोट कसे आहे? म्हणाले, ‘‘बटण दाबता येतं. पण सकाळी नळाच्या पाण्यात हात घातला की अजून कळ येते.’’ ती कळ वर्षानुवर्षे राहू शकते, हे मी त्यांना सांगितले. पत्नीने त्याच दिवशी न्हाणीघरात गरम पाण्याचा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली.